चल आनुवंशिक घटक व वनस्पतींचा जीनोम

गुणसूत्रावरील आपली जागा सोडून त्याच किंवा दुसऱ्या गुणसूत्रावर अन्यत्र जाऊन बसणाऱ्या, अथवा मूळ जागी राहून आपली प्रत अन्यत्र बसविणाऱ्या डीएनएच्या (डीऑक्सिरिबोन्यूक्लिइक अम्लाच्या) खंडांना चल आनुवंशिक घटक असे म्हणतात. त्यांना ‘ट्रान्स्पोझॉन’ अशीही संज्ञा आहे. एखाद्या जातीच्या गुणसूत्रांच्या एका संचात असणारा सर्व डीएनए म्हणजे त्या जातीचा जीनोम होय. जीनोमाचा आकार क्षारक-जोड्यांच्या संख्येने किंवा पिकोग्रॅममध्ये सांगतात. पिकोग्रॅम हा ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग असून त्यात सु. ९७·८ कोटी क्षारक-जोड्या मावतात. सपुष्प वनस्पतींत सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या ज्ञात जीनोमांच्या आकारांत सु. २,४०० पटींचा फरक आहे. जीनांच्या संख्येत मात्र त्याच्या जवळपासही जाणारा फरक नाही. हा फरक बव्हंशी चल घटकांच्या वाढीमुळे व ऱ्हासामुळे पडतो, हे विसाव्या शतकाच्या अखेरीस स्पष्ट झाले. तेथवर पोहोचणाऱ्या संशोधनाचे दोन प्रवाह होते. एका प्रवाहातील शास्त्रज्ञ कोशिकेतील डीएनए मोजत होते, तर दुसऱ्या प्रवाहातील शास्त्रज्ञ मक्याच्या दाण्यांवरील ठिपके पाहत होते. सु. चाळीस वर्षे हे दोन प्रवाह एकमेकांची फारशी दखल न घेता वाहत राहिले.

डीएनएचे मोजमाप : जर्मन रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट फॉइल्गेन यांनी १९२४ मध्ये केंद्रकातील डीएनएला जांभळट तांबडा रंग आणणारी अभिरंजन पद्धती शोधून काढली. या रंगाचा गडदपणा प्रकाशमापनाने मोजून डीएनएचे प्रमाण ठरविता येते, हे पुढे लक्षात आले. १९४८ मध्ये आंद्रे ब्वाव्हँ व रॉजे आणि कॉलेत व्हांद्रली या फ्रेंच शास्त्रज्ञांनी असे दाखविले की, एकाच जातीच्या प्राण्याच्या निरनिराळ्या अवयवांतील कोशिकांच्या केंद्रकांत डीएनएचे प्रमाण सारखेच असते आणि शुक्राणूंत ते निम्मे असते. डीएनए हेच आनुवंशिक द्रव्य आहे ही गोष्ट त्या वेळी सर्वमान्य झाली नव्हती, त्यामुळे या स्थिरतेला मोठे महत्त्व आले. अमेरिकन शास्त्रज्ञ ह्यूसन स्विफ्ट यांनी १९५० मध्ये मका व ट्रॅडेस्कँशिया या वनस्पतींत तशीच स्थिरता दाखवून दिली व एका संचातील डीएनएच्या प्रमाणाला ‘१सी’ असे चिन्ह दिले. या ‘सी’चा अर्थ गुणसूत्र किंवा तत्सम काही असावा असे पुष्कळांना वाटत असे. तथापि केवळ ‘स्थिर’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे ते आद्याक्षर आहे, असा खुलासा स्विफ्ट यांनीच पुढे केला.

जातीपुरते स्थिर असलेले हे प्रमाण एका जातीहून दुसऱ्या जातीत मात्र इतके बदलते की, त्याचा कशाशीच मेळ बसेना. ए. ई. मर्स्की व हान्स रिस यांना १९५१ मध्ये ॲम्फियूमा या उभयचर प्राण्याच्या कोशिकेत कोंबडीच्या कोशिकेच्या सु. ७० पट डीएनए आढळला. वनस्पतींतील आकडे याहून विलक्षण होते. स्वयंपाकघरातील कांद्याचा जीनोम सु. १,६०० कोटी क्षारक-जोड्यांचा, म्हणजे मानवी जीनोमाच्या पाचपट आहे. कांदा ही साधी द्विगुणित वनस्पती (गुणसूत्रांचे दोनच संच असलेली) आहे, त्यामुळे संचांची संख्या वाढल्याने डीएनए वाढला असे त्याच्या बाबतीत म्हणता येत नाही. शिवाय कांद्याच्याच प्रजातीतील निरनिराळ्या जातींत हे प्रमाण चौपटीहून अधिक बदलते. आर. के. जे. नारायण व एच. रीस यांनी १९७६ मध्ये वेल्समधील ॲबरिस्टविथ येथून लॅथिरस प्रजातीविषयीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. विदर्भात परिचित असलेली लाखेची डाळ याच प्रजातीतील एका जातीपासून मिळते. तीतील द्विगुणित जातींत गुणसूत्रे सारखीच, म्हणजे १४ असूनही डीएनएच्या प्रमाणात सु. तिपटीचा फरक होता. सजीवाची जटिलता व त्याचा डीएनए यांतील या विसंगतीला सी. ए. टॉमस यांनी १९७१ मध्ये ‘सी-मूल्य विरोधाभास’ असे नाव दिले.

विरोधाभास सोडविण्याची पहिली दिशा आर. जे. ब्रिटन व डी. ई. कोन यांनी १९६८ मध्ये दाखविली. डीएनएचे दोन धागे उष्णतेने विलग करून पुन्हा जुळू दिले असता त्याचा काही भाग फार झपाट्याने जुळतो. अनुक्रमाच्या हजारो प्रती असल्याखेरीज असे घडणे शक्य नाही. आर. बी. फ्लॅव्हेल, एम. डी. बेनेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये हीच पद्धती अनेक वनस्पतींना लावली. मोठ्या जीनोमांत पुनरावृत्त अनुक्रमांचे प्रमाण अधिक असते, असे त्यांना दिसून आले. अतिरिक्त डीएनए कोठे आहे हे यामुळे कळले, परंतु हे पुनरावृत्त अनुक्रम म्हणजे काय व ते कोठून येतात, हे मोजमापाने कळण्याजोगे नव्हते.

मक्याचे ठिपकेदार दाणे : मक्याच्या काही वाणांत कणसातील दाण्यांवर रंगीत ठिपके किंवा पट्टे असतात. अशा अस्थिर रंगाच्या आनुवंशिकतेचा अभ्यास आर. ए. एमर्सन यांनी अमेरिकेत केला व १९१४ मध्ये त्यावर लेख प्रसिद्ध केला. मार्कस रोड्स यांनी १९३८ मध्ये असे दाखविले की, रंगाचा एक निष्क्रिय जीन एरव्ही पूर्णपणे स्थिर असतो, पण ‘डॉटेड’ हा दुसरा घटक उपस्थित असला की तो वारंवार पालटून दाण्यावर ठिपके उमटतात. एका जीनाची अस्थिरता दुसऱ्याच एका घटकावर अवलंबून असू शकते, ही गोष्ट यातून प्रथम पुढे आली.

या निरीक्षणांचा उलगडा बार्बारा मॅक्लिंटॉक (१६ जून १९०२ – २ सप्टेंबर १९९२) यांनी केला. कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी मक्याची दहाही गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली ओळखण्याची पद्धती बसविली होती. १९३१ मध्ये हॅरिएट क्रेटन यांच्यासह त्यांनी जीनांच्या अदलाबदलीबरोबर गुणसूत्रांच्या खंडांचीही प्रत्यक्ष अदलाबदल होते, हे सिद्ध केले. १९४१ च्या अखेरीपासून त्या न्यूयॉर्क राज्यातील कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे काम करू लागल्या. तेथे मोडलेल्या नवव्या गुणसूत्राचा अभ्यास करीत असताना १९४४-४५ च्या सुमारास त्यांना काही रोपांच्या पानांवर जोडीने येणारे पट्टे दिसले. शेजारच्या दोन पट्ट्यांपैकी एकात रंगपालट वारंवार होत होता, तर दुसऱ्यात अगदी क्वचित. एका कोशिकेचे विभाजन होत असता एका कन्याकोशिकेने काही तरी गमावले व तेच दुसरीने मिळविले, असे अनुमान त्यांनी यावरून काढले.

पुढील हंगामांत असे आढळले की, नवव्या गुणसूत्राच्या आखूड बाहूवर एक ठराविक जागा आहे व गुणसूत्र नेमके तेथेच तुटते. या जागी असलेल्या घटकाला मॅक्लिंटॉक यांनी ‘डिसोसिएशन’ (डीएस) हे नाव दिले. तो स्वतःहून काही करू शकत नव्हता. ‘ॲक्टिव्हेटर’ (एसी) हा दुसरा घटक कोशिकेत असेल तरच तुटण्याची क्रिया घडे. काही कणसांत गुणसूत्र तुटण्याची ही जागाच बदललेली दिसली, म्हणजे डीएस दुसरीकडे गेला होता. एका दाण्यात तो रंग निर्माण करणाऱ्या जीनात शिरला होता. त्यामुळे दाणा रंगहीन झाला, परंतु दाण्याची वाढ होत असताना काही कोशिकांतून डीएस निघून गेला व त्या कोशिकांच्या वंशजांत रंग परत आला. हेच ठिपके होत. तो लवकर निघाला तर ठिपका मोठा पडतो, उशिरा निघाला तर लहान. दाण्याच्या पुष्कात गुणसूत्रांचे तीन संच असल्याने तेथे एसीच्या एक, दोन किंवा तीन मात्रा असू शकतात. मात्रा जसजशी वाढे तसतसे ठिपके बारीक होत जात. एसीची मात्रा डोळ्यांनी वाचता यावी असे हे साधन मॅक्लिंटॉक यांनी कमालीच्या चिकाटीने वापरले. सगळा पुरावा शेतातील संकर, कणसांवरील ठिपके व सूक्ष्मदर्शकाखालील गुणसूत्रे एवढ्यावरच आधारलेला होता. डीएनएची द्विसर्पिल रचना त्या वेळी माहीत झालेली नव्हती.

हे काम १९५० मध्ये प्रसिद्ध झाले व १९५१ मध्ये कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील परिसंवादात मांडले गेले. श्रोत्यांचा प्रतिसाद थंड होता. ही शोधकथा पुढे ‘दुर्लक्षित प्रतिभे’ची कथा म्हणून लोकप्रिय झाली, परंतु ती त्या रूपात पूर्णपणे खरी नाही. मॅक्लिंटॉक १९४४ पासून अमेरिकेच्या नॅशनल ॲकॅडेमी ऑफ सायन्सेसच्या सदस्य होत्या व १९४५ मध्ये जेनेटिक्स सोसायटी ऑफ अमेरिकेच्या अध्यक्षा होत्या. मक्यातील घटक जागा बदलतात हे आर. ए. ब्रिंक व पीटर पीटर्सन यांच्यासारख्या मक्याच्या अभ्यासकांनी लवकरच स्वतंत्रपणे पाहिले व स्वीकारले. ज्याला मान्यता मिळाली नाही तो भाग वेगळा होता. हे घटक म्हणजे वाढीच्या काळात जीनांचे कार्य चालू-बंद करणारी एक सुव्यवस्थित नियंत्रण-यंत्रणा आहे, असे मॅक्लिंटॉक यांचे मत होते व म्हणून त्या त्यांना ‘नियंत्रक घटक’ म्हणत. ही उपपत्ती त्या स्वरूपात टिकली नाही. घटक चल आहेत हा तिच्यातील एक दुवा मात्र पुढे मध्यवर्ती ठरला. १९८३ मध्ये वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांना शरीरक्रियाविज्ञान किंवा वैद्यक या विषयाचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते त्या दुव्यासाठी होते आणि त्यात दुसरा कोणी वाटेकरी नव्हता.

रेणवीय स्वरूप : मधल्या काळात चल घटक जंतूंतही सापडले होते. एश्चेरिकिया कोलाय या जंतूत जीनांमध्ये शिरून त्यांना निष्क्रिय करणारे लहान खंड १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस आढळले. १९७४ मध्ये प्रतिजैविकांना रोध करणाऱ्या चल खंडांच्या संदर्भात ‘ट्रान्स्पोझॉन’ ही संज्ञा योजण्यात आली. मक्यातील एसी घटक नीना फेडोरॉफ, सुसान वेस्लर व मेरी शूर यांनी १९८३ मध्ये अलग केला. तो ४,५६५ क्षारक-जोड्यांचा असून त्याच्या टोकांना परस्परांच्या उलट क्रमाचे छोटे अनुक्रम आहेत. स्वतःला कापून काढणारे एंझाइम तयार करण्याची माहिती त्याच्यातच असते. डीएस घटकांपैकी काही म्हणजे मधला भाग गमावलेले एसीच होत. टोके शाबूत असल्याने त्यांना हलविता येते, पण एंझाइम मात्र दुसऱ्याचे लागते. मॅक्लिंटॉक यांनी ठिपक्यांवरून वर्णिलेले एसी व डीएस यांचे नाते यामुळे जसेच्या तसे खरे ठरले. १९९० मध्ये असेही दिसून आले की, ग्रेगोर मेंडेल यांनी अभ्यासलेल्या वाटाण्याच्या सुरकुतलेल्या बियांचे कारण स्टार्चनिर्मितीच्या एका जीनात शिरलेला, एसी-डीएस कुलाशी साधर्म्य असलेला सु. ८०० क्षारक-जोड्यांचा खंड हेच आहे. आनुवंशिकीचा पायाच एका चल घटकाच्या कृतीवर घातला गेला होता, असे म्हणण्यास हरकत नाही.

चल घटकांचे दोन वर्ग मानतात. एसीसारखे घटक डीएनएच्या रूपातच कापले जाऊन दुसरीकडे चिकटतात. दुसऱ्या वर्गातील रेट्रोट्रान्स्पोझॉन मात्र जागचे हलत नाहीत. त्यांच्यापासून आरएनए (रिबोन्यूक्लिइक अम्ल) तयार होते, त्यापासून पुन्हा डीएनए बनतो आणि ही नवी प्रत जीनोमात अन्यत्र बसते. हा मार्ग १९८५ मध्ये यीस्टमध्ये सिद्ध झाला व १९८९ मध्ये तंबाखूत टीएनटी-१ हा क्रियाशील रेट्रोट्रान्स्पोझॉन सापडला. जीनोमाच्या आकाराच्या दृष्टीने हा दुसरा वर्ग निर्णायक आहे, कारण त्याच्या प्रत्येक स्थानांतराबरोबर डीएनए वाढतो व मूळ प्रत जागीच राहते.

अतिरिक्त डीएनएच्या अर्थाविषयी याच सुमारास मोठा वाद झाला. सुसुमु ओनो यांनी १९७२ मध्ये जीनोमातील पुष्कळशा भागाला ‘अडगळ’ म्हटले होते. १९८० मध्ये फोर्ड डूलिटल व कार्मेन सापिएन्झा यांनी एका लेखात आणि लेस्ली ऑर्गेल व फ्रान्सिस क्रिक यांनी दुसऱ्या लेखात असे प्रतिपादन केले की, ज्या अनुक्रमाला स्वतःच्या प्रती वाढविता येतात तो यजमानाच्या उपयोगी पडो वा न पडो, टिकून राहणारच. म्हणून प्रत्येक डीएनए-खंडाला काही कार्य असलेच पाहिजे, असे गृहीत धरणे चूक आहे. ‘स्वार्थी डीएनए’ हे त्याचे नाव सवंग वाटले तरी युक्तिवाद भक्कम होता. मोजमापाचा व ठिपक्यांचा असे दोन्ही प्रवाह प्रथम या लेखांत तत्त्वतः जवळ आले, पण प्रत्यक्ष पुरावा मिळण्यास आणखी सोळा वर्षे जावी लागली.

दोन प्रवाहांचा संगम : अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात जेफ्री बेनेट्झन यांच्या प्रयोगशाळेत फिलिप सॅनमिगेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी मक्याच्या अल्कोहॉल डीहायड्रोजनेज-१ या जीनाभोवतीचा २ लाख ८० हजार क्षारक-जोड्यांचा भाग तपासला. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार या भागाचा ६० टक्क्यांहून अधिक हिस्सा रेट्रोट्रान्स्पोझॉनांचा होता. त्यांची दहा कुले आढळली. संपूर्ण जीनोमात त्यांपैकी काहींच्या जेमतेम दहा, तर काहींच्या तीस हजारांपर्यंत प्रती होत्या. या घटकांची मांडणी विशेष लक्षणीय होती. एका घटकाच्या पोटात दुसरा, त्याच्या पोटात तिसरा, अशा रीतीने ते एकमेकांत शिरलेले होते. जो बाहेरचा तो आधी आलेला व जो आत तो नंतरचा, हे उघड असल्याने त्यांच्या आगमनाचा क्रम थरांवरून खडकांचा क्रम लावावा तसा लावता आला.

कालमापनाचीही युक्ती सापडली. या घटकांच्या दोन्ही टोकांना एकसारखे लांब अनुक्रम असतात. नवीन प्रत बसते तेव्हा ही दोन टोके तंतोतंत सारखी असतात. पुढे प्रत्येक टोकात उत्परिवर्तने स्वतंत्रपणे साठत जातात, म्हणून टोकांतील फरक मोजला की घटक कधी आला ते काढता येते. १९९८ मध्ये केलेल्या अशा गणनेनुसार तपासलेले सर्व घटक गेल्या साठ लाख वर्षांत व त्यांपैकी बहुतेक गेल्या तीस लाख वर्षांत आले होते. तेवढ्या काळात मक्याचा जीनोम सु. १२० कोटी क्षारक-जोड्यांवरून सु. २४० कोटींवर, म्हणजे दुपटीवर गेला असावा. क्रमविकासाच्या मानाने हा काळ अगदी अलीकडचा आहे. अशी गणना उत्परिवर्तनाच्या गृहीत वेगावर अवलंबून असते हे खरे, पण १९९९ मध्ये ज्वारीशी केलेल्या तुलनेने तिला चांगला आधार मिळाला. मका व ज्वारी यांचे पूर्वज सु. १·२ कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले. मक्याच्या २ लाख २५ हजार क्षारक-जोड्यांच्या खंडात असलेले नऊ जीन ज्वारीत त्याच क्रमाने अवघ्या ७८ हजार क्षारक-जोड्यांत बसलेले आढळले. ज्वारीच्या त्या भागात जीनांच्या मधे रेट्रोट्रान्स्पोझॉन नव्हते.

संपूर्ण जीनोमांचे वाचन झाल्यावर हे चित्र पक्के झाले. ॲराबिडॉप्सिस या लहानशा तणाचा जीनोम २००० साली वाचला गेला. त्याच्या सु. १२·५ कोटी क्षारक-जोड्यांत २५,४९८ जीन नोंदले गेले. २००५ मध्ये पुऱ्या झालेल्या भाताच्या वाचनात अकराव्या गुणसूत्राच्या कामात भारतीय शास्त्रज्ञांचा वाटा होता. भाताचा ३८·९ कोटींचा जीनोम सु. ३५ टक्के चल घटकांचा आहे. २००९ मध्ये मक्याच्या २३० कोटींच्या जीनोमात ३२ हजारांवर जीन आढळले व चल घटकांचे प्रमाण सु. ८५ टक्के निघाले. ॲराबिडॉप्सिसच्या अठरापट डीएनए असूनही जीन दीडपटही नाहीत. गव्हाच्या २०१८ मधील वाचनातही, ज्यात दुसऱ्या ‘ए’ गुणसूत्राचे काम भारतात झाले, चल घटक सु. ८५ टक्केच आहेत. गव्हात जीनांची संख्या लाखावर आहे, पण तेथे तीन पूर्वजांचे संच एकत्र आले आहेत हे लक्षात ठेवले पाहिजे. संचांचे असे बहुगुणन हे जीनोम मोठा होण्याचे दुसरे कारण होय. मक्याच्या पूर्वजांतही ते एकदा घडून गेले आहे.

बहुगुणनावाचून वाढ झाल्याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण ऑस्ट्रेलियातील रानटी भाताचे (ओरायझा ऑस्ट्रेलिएन्सिस) आहे. २००६ मध्ये असे दिसून आले की, गेल्या तीस लाख वर्षांत रेट्रोट्रान्स्पोझॉनांच्या केवळ तीन कुलांनी तेथे ९० हजारांवर प्रती वाढविल्या व जीनोम ९६·५ कोटींपर्यंत, मूळच्या दुपटीवर नेला. कापसाची गोष्ट याहून बोधप्रद आहे. द्विगुणित कापसाच्या सर्व जातींत गुणसूत्रांच्या तेरा जोड्या असतात. असे असता भारतात पिकणाऱ्या देशी कापसाचा (गॉसिपियम आर्बोरियम व गॉ. हर्बेसियम) जीनोम सु. १७० कोटींचा, पेरूतील गॉ. रायमोंडीचा ८८ कोटींचा, तर काही ऑस्ट्रेलियन जातींचा सु. २५० कोटींचा आहे. प्रत्येक शाखेत वेगवेगळ्या कुलांची वाढ झाली, असे जोनाथन वेंडेल यांच्या गटाने २००६ मध्ये दाखविले. २००९ मध्ये त्याच गटाने दुसरी बाजू पुढे आणली. लहान जीनोमाच्या कापसातही घटक येतच होते, मात्र तेथे ते अधिक वेगाने नाहीसेही होत होते.

ऱ्हास : बेनेट्झन व एलिझाबेथ केलॉग यांनी १९९७ मध्ये वनस्पतींचा जीनोम फक्त लठ्ठच होत जातो की काय, असा प्रश्न विचारला होता. उत्तर नकारार्थी निघाले. एका घटकाची दोन सारखी टोके परस्परांशी जुळून मधला भाग गळून पडतो व मागे एकच टोक उरते. याखेरीज अनियमित पुनर्जोडणीत लहानमोठे तुकडे हरपत जातात. ॲराबिडॉप्सिस (२००२) व भात (२००४) यांत या दोन्ही क्रियांच्या भरपूर खुणा सापडल्या. भातात बसलेल्या रेट्रोट्रान्स्पोझॉनांच्या डीएनएपैकी निम्मा भाग साठ लाख वर्षांच्या आतच नाहीसा होतो. जीनोमाचा आकार म्हणजे म्हणून आवक व जावक यांतील शिल्लक होय. युट्रिक्युलॅरिया गिबा या पाण्यात वाढणाऱ्या कीटकभक्षक वनस्पतीच्या २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जीनोमाचा आकार सु. ८·२ कोटी भरला. त्यात जीन सु. २८,५०० आहेत, पण चल घटक अगदी थोडे. या वनस्पतीच्या पूर्वजांत बहुगुणन एकाहून अधिक वेळा होऊनही जावक इतकी मोठी होती की, शेवटी उरले ते जवळजवळ जीनच. (साताऱ्याजवळील कासच्या पठारावर पावसाळ्याच्या अखेरीस निळ्याजांभळ्या फुलांचा गालिचा पसरणारी ‘सीतेची आसवे’ ही वनस्पती याच प्रजातीतील आहे.) उलट, नॉर्वे स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षाच्या सु. २,००० कोटींच्या जीनोमात जीन तितकेच, सु. २८ हजार आहेत. तेथे आलेले घटक कोट्यवधी वर्षे साठत राहिले, कारण ते काढून टाकण्याची क्रिया मंद आहे. फ्रिटिलॅरिया या लिली कुलातील प्रजातीच्या प्रचंड जीनोमांत कोणत्याही एका कुलाचे वर्चस्व नाही. जुने, झिजलेले, ओळखूही न येणारे असंख्य अवशेष तेथे पडून आहेत.

कोशिका या घटकांना मोकळे सोडत नाही. मॅक्लिंटॉक यांना एसी घटक काही पिढ्या सुप्त राहून पुन्हा जागा होताना दिसला होता. १९८० नंतरच्या दशकात या सुप्तावस्थेचा संबंध डीएनएच्या मेथिलीकरणाशी जोडला गेला. १९९९ मध्ये वनस्पतींतील जीन दडपणाऱ्या लघु आरएनएंचा शोध लागला व तेच मेथिलीकरणाची जागा दाखवितात असे पुढे दिसले. २००१ मध्ये ॲराबिडॉप्सिसच्या मेथिलीकरण घटलेल्या एका उत्परिवर्तित वाणात निद्रिस्त घटक खरोखरच हलू लागलेले आढळले.

मोठ्या जीनोमाचे परिणाम : जीनांच्या दृष्टीने निरर्थक असलेला डीएनए वनस्पतीला मात्र वाहावा लागतो. केंद्रक व कोशिका त्याच्या प्रमाणात मोठ्या होतात, त्याच्या प्रती काढण्यास वेळ लागतो व विभाजन लांबते. एम. डी. बेनेट यांनी १९७२ मध्ये असे दाखविले की, काही आठवड्यांत जीवनक्रम संपविणाऱ्या वर्षायू वनस्पतींचे जीनोम लहान असतात व फार मोठे जीनोम बहुवर्षायू वनस्पतींतच आढळतात. २००३ मध्ये ए. ई. विनोग्रादॉव्ह यांना नष्ट होण्याचा धोका असलेल्या जातींत मोठ्या जीनोमांच्या जातींचे प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्त दिसले. ही गोष्ट केवळ कुतूहलाची नाही. जपानमधील पॅरिस जॅपोनिका या वनस्पतीचा जीनोम (१५२·२३ पिकोग्रॅम, २०१०) सपुष्प वनस्पतींतील सर्वांत मोठा म्हणून नोंदला गेला. न्यू कॅलेडोनियातील ट्मेसिप्टेरिस ऑब्लँसिओलॅटा या नेचासदृश वनस्पतीने २०२४ मध्ये त्याला मागे टाकले. तिच्या एका संचात १६,०४५ कोटी क्षारक-जोड्या, म्हणजे मानवाच्या पन्नासपट डीएनए आहे. ब्राझीलमधील जेनलिसिया ट्यूबरोझा या कीटकभक्षकाच्या जीनोमात तो केवळ ६·१ कोटी आहे.

पिकांतील ठसे : बहुसंख्य घटक निष्क्रिय असले तरी मोक्याच्या जागी बसलेल्या एखाद्याने शेतीचा इतिहास बदलला आहे. मक्याचा पूर्वज टिओसिंटे हे अनेक फांद्यांचे गवत होते. एका मुख्य खोडाचा मका त्यापासून निवडला गेला, त्यास कारणीभूत असलेल्या टीबी-१ या जीनाच्या नियंत्रक भागात ‘हॉपस्कॉच’ हा रेट्रोट्रान्स्पोझॉन बसलेला आहे, असे जॉन डोब्ली व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखविले. तो मानवाने मका लावण्याच्या फार पूर्वी रानटी गवतात आला होता. मेक्सिकोतील शेतकऱ्यांनी तो असलेली झाडे निवडली. सिसिलीतील रक्तवर्णी संत्र्याचा तांबडेपणा थंडीने जागृत होणाऱ्या अशाच एका घटकामुळे येतो (२०१२). द्राक्षांत याच्या उलट घडले. फळाला काळा-जांभळा रंग देणाऱ्या जीनाच्या आरंभी ‘ग्रेट-१’ हा रेट्रोट्रान्स्पोझॉन बसल्याने रंग लोपला व पांढरी द्राक्षे निर्माण झाली, असे जपानी शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये सिद्ध केले. ‘इटालिया’ या पांढऱ्या वाणाच्या एका फांदीवर पुढे तांबूस द्राक्षे लागली व तिच्यापासून ‘रुबी ओकुयामा’ हा वाण मिळाला. त्याच्या जीनात घटकाचा मधला भाग गळून गेला असून एकच टोक शिल्लक आहे. रंगही पूर्णपणे नव्हे, अर्धवटच परतला आहे.